मंजिरीतला मधमाशीचा वाटा



आजचं वाचन: एकनाथी भागवत, अध्याय ८.

अवधूत यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगतो. त्यात एक मधमाशी. ती एकाच फुलाला चिकटून बसत नाही. थोडं इथून, थोडं तिथून घेते आणि फूल जसंच्या तसं राहतं. साधूनेही दारोदारी असंच थोडं घ्यावं, कुणा एकावर भार टाकू नये. ‘माधुकरी’ हा आपला शब्द या मधुकरावरूनच आलाय. तिचा दुसरा धडा साठवणीचा. उद्यासाठी साठवाल, तर साठ्यासकट स्वतःही जाल.

हे मी कितीदा वाचलं असेल! पण इथे कॅम्प १ मधल्या आमच्या गॅलरीत मी नेमकं उलटं करत होतो. सकाळी ट्रेन पकडायच्या आधी पूजेसाठी सगळी फुलं आणि तुळशीच्या सगळ्या मंजिऱ्या खुडायचो. जास्वंदीवर पांढरी कीड आली म्हणून एकदा सकाळीच औषध मारलं. थोड्या वेळाने बघतो तर लादीवर दोन मधमाश्या तडफडत होत्या. आई एवढंच म्हणाली, “तिचा वाटा पण तूच घेतलास की रे.”

तो दिवस ऑफिसात काही सुचलं नाही.

आता नियम बदललेत. निम्म्या मंजिऱ्या विठ्ठलाला, निम्म्या तुळशीवरच. शेजारी सब्जा लावलाय, त्याच्या तुऱ्यांवर माश्या हमखास येतात. झेंडू एकेरी पाकळ्यांचा आणला. गच्च पाकळ्यांचा दिसतो छान, पण त्यात मध-परागापर्यंत पोचणं माशीला कठीण. एका जातीची दोन-तीन रोपं जवळजवळ ठेवली, म्हणजे एका फेरीत तिचं काम होतं. पसरट थाळीत खडे टाकून पाणी ठेवतो, खड्यांवर बसून ती न बुडता पिते. कीड आधी हाताने पुसतो. अगदीच लागलं तर निंबोळी तेल, तेही पातळ करून, संध्याकाळी माश्या परतल्यावर आणि फुलं टाळून.

मंडळी, मला वाटायचं, देवासाठी घेतलं की कितीही घ्यावं. अवधूताचा गुरू सांगतो, घेण्यालाही मर्यादा हवी. देवाचं नाव घेतलं म्हणून ओरबाडणं भक्ती होत नाही.

आजचा अभ्यास: उद्या फुलं तोडताना निम्मी झाडावर ठेवा. पाच मिनिटं तिथेच थांबा. कोण येतं ते बघा.

राम कृष्ण हरी 🙏