बँकेच्या संमतीने घरविक्री : उपनगरांतल्या एजंटांचे अनुभवाचे बोल

हप्ते थकलेले घर लिलावापर्यंत जाऊ न देता मालकाने स्वतः गिऱ्हाईक आणायचे, बँकेची लेखी परवानगी घेऊन घर विकायचे आणि येणे रकमेपेक्षा कमी पैशांत खाते मिटवायचे, या व्यवहाराला मुंबईच्या उपनगरांतले एजंट ‘ओटीएसमधली विक्री’ म्हणतात. ओटीएस म्हणजे बँकेशी केलेली एकरकमी तडजोड. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर या भागांत इस्टेट एजंट गल्लोगल्ली आहेत, पण हे काम अंगावर घेणारे थोडे. नेहमीच्या व्यवहारात दोन पार्ट्या सांभाळल्या की भागते. इथे तिसरी पार्टी बँक असते आणि अखेरचा शब्द तिचाच असतो.

अमेरिकेत अशा विक्रीला सरकारने २०१० मध्ये ‘हाफा’ ही योजना आणून चौकट दिली होती. ती २०१६ अखेरपर्यंत चालली. घर सोडणाऱ्या कुटुंबाला दुसरीकडे बिऱ्हाड हलवण्यासाठी आधी ३,००० आणि पुढे १०,००० डॉलर मिळत, विक्रीनंतर उरलेले कर्ज सावकाराला सोडून द्यावे लागे आणि ठरलेले कमिशन कापण्याचा आग्रह त्याला एजंटाकडे धरता येत नसे. भारतात घरांसाठी असे काही नाही. सरकारचा हात लागतो तो २००२ चा सरफेसी कायदा, रिझर्व्ह बँकेचे तडजोडीचे नियम आणि सरकारी बँकांच्या लिलावांसाठीचे ‘बँकनेट’ पोर्टल एवढ्यापुरता. बाकी सगळे मालक, एजंट आणि बँकेचा वसुली अधिकारी यांच्या बोलाचालीवर.

म्हणून एजंटाला सगळ्यात आधी कायद्याचे घड्याळ कळावे लागते. हप्ता ९० दिवसांहून जास्त थकला की खाते एनपीए, म्हणजे अनुत्पादक, होते. त्यानंतर बँक कलम १३(२) ची नोटीस काढते आणि ६० दिवसांत सगळी रक्कम भरा म्हणते. त्या मुदतीत कर्जदाराने लेखी हरकत घेतली तर बँकेला १५ दिवसांत उत्तर द्यावे लागते. साठ दिवस उलटले की १३(४) खाली ताबा घेता येतो. तो बहुतेक वेळा आधी कागदोपत्री असतो, म्हणजे दारावर नोटीस चिकटते आणि सात दिवसांच्या आत दोन वर्तमानपत्रांत, त्यातल्या एका स्थानिक भाषेतल्या, जाहिरात येते. प्रत्यक्ष ताब्यासाठी बँक कलम १४ खाली दंडाधिकाऱ्यांकडे जाते. कर्जदाराला ४५ दिवसांत डीआरटीत, म्हणजे कर्जवसुली न्यायाधिकरणात, दाद मागता येते. विक्रीपूर्वी कर्जदाराला ३० दिवसांची नोटीस द्यावी लागते आणि मग लिलावाची जाहीर सूचना निघते.

ही शेवटची तारीख सर्वांत महत्त्वाची. पूर्वी लिलाव होऊन व्यवहार पुरा होईपर्यंत पैसे भरून घर सोडवता येत असे. २०१६ च्या दुरुस्तीने कलम १३(८) बदलले आणि सेलिर विरुद्ध बाफना मोटर्स या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये स्पष्ट केले की लिलावाची सूचना प्रसिद्ध झाली की घर सोडवून घेण्याचा कर्जदाराचा हक्क संपतो. तरीही ‘लिलावाच्या आदल्या दिवशी पैसे भरू’ असे म्हणणारी पार्टी आजही भेटते, आणि तिला होकार देणारा एजंटही.

सहकारी बँकेचे कर्ज असले तर सरफेसी लागत नाही, हा समजही अजून पुरता गेलेला नाही. तो प्रश्न कोल्हापूर जिल्ह्यातल्या मुरगूडच्या एका सहकारी बँकेच्या खटल्यात मे २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने मिटवला : सहकारी बँकांनाही हा कायदा वापरता येतो. पतसंस्थेचे कर्ज असेल तर वाट वेगळी. तिथे सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुली दाखला निघतो आणि संस्थेचा वसुली अधिकारी कारवाई करतो.

काम हातात घेताना एजंट पहिल्यांदा नोटिसांच्या तारखा बघतो, घर नंतर. खाते एनपीए व्हायच्या आत पार्टी आली तर निम्मी लढाई जिंकली. तेव्हा बँकेकडून फोरक्लोजर लेटर घेऊन सरळ विक्री होते आणि भावही पुरा मिळतो. १३(२) ची नोटीस आल्यावर मात्र कलम १३(१३) लागू होते : बँकेच्या पूर्वलेखी संमतीशिवाय घर विकता येत नाही, भाड्यानेही देता येत नाही. एकदा दारावर नोटीस चिकटली की बातमी वॉचमनपासून समोरच्या बिल्डिंगपर्यंत जाते. दुसऱ्या दिवशीपासून येणारे गिऱ्हाईक भाव पाडूनच बोलते. मालक लाजेखातर नोटीस फाडून टाकतो. त्याने काहीच साधत नाही, कारण वर्तमानपत्रातली जाहिरात तशीच असते.

यानंतर बँकेची ‘फिगर’. बँकेचा व्हॅल्युअर सहसा तीन किमती लिहितो : बाजारभाव, प्रत्यक्षात हाती येईल अशी किंमत आणि घाईच्या विक्रीची किंमत. तडजोडीत बँक तिसऱ्या आकड्याकडे डोळा ठेवून असते, कारण लिलावात तिला साधारण तेवढेच दिसते, शिवाय वेळ आणि वकिलाचा खर्च वेगळा. एजंट बाजारभावावर अडून बसला की बोलणी तुटतात. त्याच वस्तीतल्या अलीकडच्या विक्रीचे इंडेक्स टू, म्हणजे नोंदणीचे उतारे, इमारतीचे वय, लिफ्ट नसणे, गळती, सोसायटीची थकबाकी हे कागदावर मांडले की अधिकाऱ्यालाही वर प्रस्ताव पाठवायला आधार मिळतो. निर्णय शाखेत होत नाही. तो वरच्या कार्यालयातली समिती घेते. म्हणूनच मुरलेला एजंट शाखेतल्या होकारावर विसंबत नाही. ‘साहेब, फिगर तोंडी नको, ईमेल टाका,’ हे त्याचे ठरलेले वाक्य असते.

मंजुरीच्या पत्रात तीन गोष्टी असल्याच पाहिजेत : रक्कम, शेवटची तारीख, आणि ही रक्कम पूर्ण व अंतिम असून भरल्यावर कर्जदार व जामीनदार यांच्याकडे काहीही येणे राहणार नाही हे वाक्य. तिसरी गोष्ट राहिली तर सगळे मुसळ केरात. लिलावाच्या पैशांतून कर्ज पुरते फिटले नाही तर उरलेल्या रकमेसाठी बँक कलम १३(१०) खाली पुन्हा दावा करू शकते. २० लाख आणि त्यावरच्या येण्यासाठी डीआरटी आहेच. घर गेले म्हणजे कर्ज गेले, असे इथे नाही. मुदतीबाबतही बँकेचा हात आखडलेला असतो. रिझर्व्ह बँकेच्या जून २०२३ च्या चौकटीनुसार तडजोडीची रक्कम भरायला तीन महिन्यांपेक्षा जास्त मुदत दिली तर ती पुनर्रचना धरली जाते, त्यामुळे बँका सहसा त्यापलीकडे जात नाहीत. गिऱ्हाइकाचे गृहकर्ज मंजूर होऊन पैसे यायला लागणारा वेळ या तीन महिन्यांतच बसवायचा असतो.

पैशांचा हिशेब मालकासमोर आधीच मांडावा. समजा बोरिवलीतल्या एका वन बीएचकेवर व्याजासह ८४ लाख येणे आहे, गिऱ्हाईक ७८ लाख द्यायला तयार आहे आणि बँक ७५ लाखांत खाते मिटवायला राजी आहे. वरचे तीन लाख मालकाचे, असे त्याला वाटते. पण किंमत ५० लाख किंवा जास्त असली की गिऱ्हाइकाला एक टक्का टीडीएस कापून सरकारला भरावा लागतो : ७८,०००. सोसायटीची थकबाकी १,४०,००० धरली आणि एक टक्का दलाली ७८,००० धरली, तर हातात उरतात ४,००० रुपये. टीडीएसचे पैसे विवरणपत्र भरल्यावर परत मिळू शकतात, पण भाड्याच्या घराची अनामत त्याआधी द्यावी लागते. हा हिशेब नोंदणीच्या दिवशी पहिल्यांदा कळला की मालक सही करायला नकार देतो, आणि त्याचे चुकते असेही म्हणता येत नाही. ७५ लाखांच्या पत्रावर ७५ लाख पुरे भरावे लागतात. टीडीएस कापला गेला म्हणून बँक थोडी रक्कम सोडून देईल, ही आशा धरू नये.

टोकनचा प्रश्न याहून नाजूक. तडजोडीच्या अर्जासोबत बँक काही रक्कम आगाऊ मागते आणि हप्ते थकलेल्या माणसाकडे ती नसते, म्हणून गिऱ्हाइकाच्या टोकनमधून ती भरण्याचा मोह होतो. ती रक्कम कर्जखात्यात जमा झाली आणि तडजोड फिसकटली, तर बँक ती वसुलीत धरते आणि गिऱ्हाईक एजंटाच्या ऑफिसात येऊन बसते. अशी रक्कम बँकेच्या ‘नो-लिएन’ खात्यात ठेवावी आणि अर्ज नामंजूर झाल्यास ती परत मिळेल हे बँकेकडून लिहून घ्यावे. मंजुरीपत्र हातात येईपर्यंत गिऱ्हाइकाकडून घ्यायचाच तर चेक घ्यावा, वटवू नये.

गिऱ्हाईक निवडण्यातही अनुभव लागतो. कागदोपत्री ताबा झालेल्या घरावर दुसरी बँक कर्ज द्यायला बिचकते, कारण मूळ कागदपत्रे पहिल्या बँकेच्या तिजोरीत असतात. रोख ताकद असलेले किंवा त्याच बँकेतून कर्ज घेणारे गिऱ्हाईक मिळाले तर काम सोपे होते. दुसऱ्याच बँकेचे कर्ज असेल, तर पहिल्या बँकेकडून कागदपत्रांची यादी आणि पैसे मिळताच कागद सोडण्याचे पत्र आधी घ्यावे लागते. शोधही पुरता घ्यावा : सरसाई या तारणांच्या केंद्रीय नोंदवहीत, आणि नोंदणी खात्यातल्या गहाणाच्या ‘नोटीस ऑफ इंटिमेशन’मध्येही. एकाच फ्लॅटवर दुसऱ्या कोणाचे कर्ज निघाल्याचे प्रकार उपनगरांत घडलेले आहेत.

नोंदणीच्या दिवशी क्रम चुकू नये. मुंबई उपनगर जिल्ह्यात अंधेरी, बोरिवली आणि कुर्ला असे तीन तालुके आहेत. मुलुंड आणि घाटकोपर कुर्ल्यात येतात. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात टोकन नंबर पुकारला जाईपर्यंत बाकावर मालक, त्याची पत्नी, गिऱ्हाईक, दोन साक्षीदार आणि फाइल मांडीवर घेतलेला बँकेचा माणूस ओळीने बसतात. पे ऑर्डर दोन : एक कर्जखात्याचा नंबर घालून बँकेच्या नावाचा, दुसरा सोसायटीच्या नावाचा. आधी त्यांच्या झेरॉक्सवर बँकेच्या माणसाची पोच, मग कॅमेऱ्यासमोर फोटो आणि अंगठे, आणि पावती हातात आली की मूळ पे ऑर्डर त्याच्या हवाली. मालकाच्या नावाने मोठा चेक निघाला तर तो त्याच्या बचतखात्यात जातो, आणि तिथे दुसऱ्याच कर्जाचा हप्ता दबा धरून बसलेला असू शकतो. मुंबईत मुद्रांक शुल्क ६ टक्के आहे, महिलेच्या नावे घेतल्यास त्यात एक टक्का सवलत. नोंदणी फी जास्तीत जास्त ३०,०००.

किंमत रेडी रेकनरपेक्षा खाली गेली की आणखी एक गाठ पडते. मुद्रांक शुल्क रेकनरच्या दरानेच लागते. फरक दहा टक्क्यांहून जास्त असेल तर आयकर खाते रेकनरची किंमतच मालकाची विक्री किंमत धरते आणि तो फरक गिऱ्हाइकाचे उत्पन्न मानते. सगळे पैसे बँकेने नेले तरी मालकाचा भांडवली नफा सुटत नाही. स्वतःच घेतलेले तारण कर्ज फेडणे हा आयकराच्या दृष्टीने उत्पन्नाचा विनियोग आहे. वीस वर्षांपूर्वी घेतलेले घर असेल तर सीएला विचारल्याशिवाय फिगर ठरवू नये.

सोसायटीचे काम त्या मानाने सरळ : थकबाकी भरून ना-हरकत घ्यायची, हस्तांतरणाचे अधिमूल्य २५,००० च्या वर मागितले तर सरकारी मर्यादा दाखवायची. घाटकोपरचे पंतनगर, अंधेरीचे डी. एन. नगर, बोरिवलीचे गोराई, कांदिवलीचे चारकोप अशा म्हाडा वसाहतींत म्हाडाची परवानगीही बघावी लागते आणि तिचा वेळ तीन महिन्यांच्या हिशेबात आधीच धरावा लागतो. पुनर्वसनातल्या घरावर विक्रीबंदीचा काळ संपलेला नसेल तर काम घेऊच नये.

नोटीस प्रसिद्ध झाली की मालकाच्या दारात आणखीही लोक येतात. ‘बँकेत आपली ओळख आहे, निम्म्यात मिटवून देतो’ असे सांगून आगाऊ फी घेणारे, आणि थोडे पैसे हातावर ठेवून कुलमुखत्यारपत्र मागणारे गुंतवणूकदार. दुसरा प्रकार जास्त घातक. मुखत्यारपत्र गेले की बोलणी, किंमत आणि गिऱ्हाईक तिन्ही मालकाच्या हातून जातात. महारेराने २०२३ मध्ये एजंटांना प्रशिक्षण आणि परीक्षा सक्तीची केली, पण रेराचा रोख नोंदणीकृत प्रकल्पांवर आहे. जुन्या इमारतीतल्या थकीत घराचे काम एजंट अजूनही फायली हाताळूनच शिकतो, त्यामुळे मालकाने एजंटाला आधी असे किती व्यवहार पुरे केले हे विचारावे आणि एखादे जुने मंजुरीपत्र, नावे झाकून का होईना, बघायला मागावे.

व्यवहार पुरा झाल्यावरही कागद संपत नाहीत. बँकेकडून ‘नो ड्यूज’ पत्र घ्यायचे आणि सरसाईतला बोजा उतरल्याचे तपासायचे. कर्जाची पूर्ण परतफेड किंवा सेटलमेंट झाल्यापासून ३० दिवसांत बँकेने मूळ कागदपत्रे परत करायची असतात. तिच्याकडून उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यावी लागते. हा नियम १ डिसेंबर २०२३ पासून लागू आहे. मालकाच्या सिबिल अहवालात खाते ‘क्लोज्ड’ नव्हे तर ‘सेटल्ड’ दिसते, आणि तडजोड करणाऱ्या बँकेकडून त्याला किमान १२ महिने नवे कर्ज मिळत नाही.