ट्रेडमिल विकायच्या आधी

सातारा

चि. समीर,


तुझा भलामोठा मेसेज नीट वाचला. फोनवर बोलायला लागलं की तू मध्येच 'हो गं मावशी, बघतो' म्हणून विषय गुंडाळतोस, म्हणून हे कागदावर लिहून तुझ्या आईजवळ देतेय. ती रविवारी पुण्याला येतेच आहे.

तू तीन प्रश्न विचारलेस. ट्रेडमिल कितीला विकावी, पगार महिनाअखेरपर्यंत का पुरत नाही, आणि आपल्या साताऱ्याची हिल मॅरेथॉन पळायची तर जिमचं वर्षाचं पॅकेज घ्यावं का. मला यात एकच प्रश्न दिसतो. तुला काही करावंसं वाटलं की तू आधी त्याचं सामान विकत आणतोस. पळावंसं वाटलं, ट्रेडमिल आली. गाणं वाजवावंसं वाटलं, गिटार आली. तेलकट बंद करायचं ठरवलं, एअर फ्रायर आला. खोकं घरात आलं की मनाला काम सुरू झाल्याचं समाधान मिळतं आणि तेवढ्यावर ते थांबतं. हे तुझ्या एकट्याचं नाही. ऑनलाइन जुन्या वस्तूंच्या जाहिराती उघडून बघ, 'फक्त दोनदा वापरलेली' असं लिहिलेल्या व्यायामाच्या सायकली किती निघतील ते.

तर आधी ट्रेडमिल. 38,000 ला घेतली, वर्षच झालं, म्हणून 30,000 तरी यायला हवेत असं तुझं गणित. ते 38,000 विसर. घेणारा माणूस तुझ्या बिलाकडे बघत नाही, तो नव्या ट्रेडमिलची सेलमधली किंमत बघतो आणि त्यातून वॉरंटी, घरपोच डिलिव्हरी आणि स्वतःची धाकधूक वजा करतो. तुझ्याच मॉडेलच्या जाहिराती चाळ, पण एक लक्षात ठेव: तिथे दिसते ती मागितलेली किंमत. महिनोन्‌महिने 30,000 लावून बसलेल्यांच्या ट्रेडमिल अजून त्यांच्याच घरात आहेत, म्हणूनच त्या तुला दिसतात.

शिवाय ती फुकट उभी नाही. तुझी खोली 400 चौरस फुटांची, भाडं 18,000, म्हणजे फुटाला 45 रुपये. ट्रेडमिल आणि तिच्याभोवती सोडावी लागणारी जागा धरली तर 25 फूट सहज. महिन्याला अकराशेच्या वर भाडं त्या यंत्राचं तू भरतोयस, आणि ते त्यावर टॉवेल वाळवायला. 20,000 लिही, 17,000 ला हसत दे. कोणी 15,000 रोख घेऊन दारात उभा राहिला तर त्यालाही परत पाठवू नकोस.

जाहिरात मात्र नीट कर. तू पाठवलेल्या फोटोत ट्रेडमिलपेक्षा मागची न आवरलेली गादी जास्त दिसते. सकाळच्या उजेडात, पुसून, चारी बाजूंनी फोटो काढ. पट्टा, स्क्रीन चालू असलेली, घडी घातल्यावर किती जागा लागते तो एक, आणि डाव्या हँडलवरचा तो ओरखडा जवळून. ओरखडा लपवलास तर माणूस घरी येऊन तो शोधेल आणि त्याचे दोन हजार पाडून मागेल. आधीच दाखवलास तर त्याला मागायला तोंड राहत नाही. मोटर किती हॉर्सपॉवरची, किती किलोपर्यंतचं वजन चालतं, घेतली कधी, बिल आहे की नाही, पट्ट्याला सिलिकॉन तेल कधी घातलं, हे लिही. आणि जे कोणी लिहीत नाही तेही लिही: तिसरा मजला, लिफ्ट आहे, घडी घालून लिफ्टमध्ये मावते, टेम्पो घेणाऱ्याचा. ट्रेडमिलचा सौदा बहुतेक वेळा किमतीवर मोडत नाही, जिन्यावर मोडतो.

सगळ्यात आधी सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाक. शेजारच्या विंगमधला माणूस टेम्पोशिवाय नेतो आणि पैसे बुडवत नाही. तिथे नाही जमलं तर मग ओएलएक्सवर किंवा फेसबुक मार्केटप्लेसवर. 'लास्ट प्राइस?' एवढंच विचारणारे ढीगभर येतील, त्यांना 'येऊन बघा, मग बोलू' एवढंच उत्तर दे. बघायला न येता भाव करणाऱ्याशी वेळ घालवू नकोस.

आता नीट वाच, कारण मेसेजमध्ये तू एक वाक्य सहज लिहून गेलास: 'एकाचा फोन आला होता, आर्मीत आहे, बदली झालीय, न बघता घ्यायला तयार आहे.' समीर, हा माणूस गिऱ्हाईक नाही. देशभर हीच गोष्ट शब्दाला शब्द ऐकवली जाते. लष्करातला किंवा सीआयएसएफचा जवान म्हणून ओळखपत्राचा फोटो पाठवायचा, भाव अजिबात करायचा नाही, आणि मग म्हणायचं, 'पैसे पाठवतो, हा क्यूआर कोड स्कॅन करा.' स्कॅन केलास की ॲप पिन मागतं, आणि पिन टाकलास की पैसे तुझ्या खात्यातून जातात. यूपीआयमध्ये पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. पिन लागतो तो पैसे द्यायला. एवढं एक वाक्य माहीत नसल्यामुळे चांगली शिकलेली माणसं नागवली गेली. आमच्या पोस्टाच्या काउंटरवर एक निवृत्त शिक्षक आले होते, जुना सोफा विकताना 'पाच रुपये येतात का बघा' म्हणून सुरुवात झाली आणि शेवटी महिन्याची पेन्शन गेली. पहिल्यांदा खरंच पाच-दहा रुपये पाठवतात, विश्वास बसावा म्हणून.

दुसरी तऱ्हा, पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट दाखवायचा आणि माल उचलायचा. स्क्रीनशॉट कोणालाही बनवता येतो, बँकेचा वाटणारा एसएमएससुद्धा. टेम्पोत माल चढायच्या आधी तुझ्या बँकेचं ॲप उघडून शिल्लक वाढली का ते स्वतः बघ. तिसरी, 'चुकून वीस हजार जास्त गेले, परत करा' म्हणून गयावया करतात. मुळात आलेले नसतात. आणि स्क्रीन शेअर करायचं कुठलंही ॲप कोणाच्या सांगण्यावरून फोनमध्ये टाकू नकोस. एवढं करूनही काही झालंच तर लाज धरून गप्प बसायचं नाही, त्याच क्षणी 1930 ला फोन लावायचा. सरकारची सायबर फसवणुकीची हेल्पलाइन आहे ती. पैसे पुढच्या खात्यांमधून पांगायच्या आत कळवलं तर ते गोठवता येण्याची शक्यता असते, दुसऱ्या दिवशी फार उशीर झालेला असतो.

बघायला येणाऱ्याला एकटा असताना बोलावू नकोस, रूममेट घरी असेल ती वेळ दे. त्याला पाच मिनिटं ट्रेडमिलवर चालू दे, समाधान होऊ दे. नंतर तक्रार नको.

गिटार ठेवायची असेल तर ठेव, ती जागा खात नाही. एअर फ्रायर आईला देऊन टाक, विकून येणारे हजार-बाराशे तिच्या आनंदापुढे काही नाहीत. जुना फोन विकशील तर आधी गूगल खातं काढून टाक, फॅक्टरी रीसेट कर आणि सिम, मेमरी कार्ड बाहेर काढ. लोक हे विसरतात आणि फोनबरोबर आख्खं घर विकून बसतात. बाकीचं किडूकमिडूक ऑनलाइन विकण्यात तुझे शनिवार जातील. बुधवारी किंवा रविवारी जुन्या बाजारात चक्कर मार, नाहीतर सरळ भंगारवाल्याला बोलाव.

पैशांचं. तुझं स्टेटमेंट बघितलं. उधळपट्टी म्हणावी असं त्यात काही नाही, गळती मात्र ठिकठिकाणी आहे. ट्रेडमिलचा तो 'नो कॉस्ट' हप्ताच बघ. बिनव्याजी कर्ज असं काही नसतं हे रिझर्व्ह बँकेनं 2013 मध्येच बँकांना बजावलं होतं. आता करतात काय, तर व्याजाएवढी सूट किमतीत दाखवतात आणि हप्त्यात व्याज घेतात. त्या व्याजावरचा 18 टक्के जीएसटी आणि वरची प्रोसेसिंग फी तुझ्याच कार्डावर पडते. रक्कम लहान असते म्हणून कोणी बघत नाही. त्याहून वाईट म्हणजे तीच वस्तू रोखीनं घेताना जी सवलत मिळाली असती तीही गेली. क्रेडिट कार्डाचं फक्त 'मिनिमम ड्यू' तू दोन महिने भरलंयस, ते ताबडतोब थांबव. उरलेल्या रकमेवर महिन्याला तीन-साडेतीन टक्के लागतात, वर्षाचे चाळीसच्या घरात. ट्रेडमिलचे पैसे आले की पहिले तिकडे भर. गुंतवणूक-बिंतवणूक नंतर.

मग यूपीआय ॲपमध्ये 'ऑटोपे' उघड. तिथे तू कधीकाळी हो म्हटलेल्या सगळ्या वर्गण्या एका यादीत दिसतील. जे गेल्या महिन्यात उघडलंही नाहीस ते रद्द कर. आणि रात्री अकराला मागवलेल्या बिर्याणीबद्दल मी उपदेश करणार नाही, वय आहे. पण रोजचं जेवण ॲपवरून मागवायचं कारण काय? पुण्यात गल्लीगल्लीत पोळी-भाजी केंद्रं आहेत. पोळ्या विकत आण, भाजी-आमटी घरी कर. कुकर लावता येतो तुला, मीच शिकवलाय.

उरलेले बाजूला टाकायचे ही पद्धत मी काउंटरवर बसून आयुष्यभर बघितली, आणि उरलेले कधी कोणाचे उरले नाहीत. पगाराच्या दुसऱ्या दिवशी आपोआप वळते झाले पाहिजेत. आधी तीन महिन्यांचा खर्च बँकेत एफडीत ठेव, नोकरीचा भरवसा नाही आजकाल. तो जमला की पोस्टात आरडी उघड. महिन्याला शंभर रुपयांपासून चालते, पाच वर्षांची. हप्ता चुकला तर शंभराला एक रुपया दंड. तुझे मित्र म्हणतील व्याज कमी आहे, आणि ते बरोबरच म्हणतील. त्यांची एसआयपी तूही पुढे सुरू कर. पण पोस्टाची आरडी तीन वर्षं मोडताच येत नाही, आणि तुझ्यासारख्याला तोच तिचा गुण आहे. अडीनडीला वर्षभराच्या हप्त्यांनंतर निम्म्या रकमेपर्यंत कर्ज मिळतं. सेल लागला म्हणून ती मोडायची सोय नाही, हे महत्त्वाचं.

आता पळणं. जिमचं वर्षाचं पॅकेज घेऊ नकोस. महिन्याचे पैसे भर, जास्त पडले तरी चालतील. तीन महिने सलग गेलास तर मग वर्षाचं घे. जानेवारीत गळ्यात मारलेलं वर्षाचं पॅकेज मार्चमध्ये विकायला निघतं आणि नाव बदलून द्यायचेही पैसे मागतात.

पण मला विचारशील तर हिल मॅरेथॉनला जिमही लागत नाही. ती 2012 पासून इथे माझ्या डोळ्यांसमोर होते. यवतेश्वरचा घाट चढायचा आणि तोच उतरायचा, 21 किलोमीटर. ट्रेडमिलवर सपाट पळून त्याची तयारी होत नाही, आणि लोकांचे गुडघे चढताना जात नाहीत, उतरताना जातात. माणसं घाटमाथ्यापर्यंत जोरात असतात आणि खाली येताना रस्त्याच्या कडेला पोटऱ्या चोळत बसलेली दिसतात. तुला उतार पाहिजे. पर्वतीला 103 पायऱ्या आहेत, तिकीट नाही. सकाळी चढ, चालत उतर, आणखी चढ. सवय झाली की रविवारी वेताळ टेकडी किंवा सिंहगड.

घड्याळावरच्या दहा हजार पावलांच्या मागे लागू नकोस. तो आकडा कुठल्या डॉक्टरनं काढलेला नाही, 1965 साली जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र विकायला काढलं तेव्हा चालू झाला. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान दीडशे मिनिटं मध्यम व्यायाम सांगते आणि दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा. दीडशे मिनिटं म्हणजे पाच दिवस अर्धा-अर्धा तास. ताकदीला आपले जोर-बैठका आणि सूर्यनमस्कार पुरतात. सूर्यनमस्कार घरोघरी नेणारे औंधचे पंतप्रतिनिधी आपल्याच जिल्ह्यातले. संस्थानचे राजे होते, तरी लोकांना सांगितला तो व्यायाम सतरंजीवर होणारा. प्रोटीनच्या डब्याऐवजी अंडी, फुटाणे, मोड आलेली मटकी खा. 'दोन महिन्यांत आठ किलो' हे ध्येय तर खोडूनच टाक. वजन तुझ्या हातात नाही, सकाळी सहाला बूट घालणं आहे. तेवढंच लिहून ठेव: आठवड्यातून पाच दिवस, अर्धा तास. एखादा दिवस बुडाला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट करायचं नाही, नेहमीएवढंच करायचं.

बूट मात्र चांगले घे. एवढी एक खरेदी मला मान्य आहे, दुकानात जाऊन, पायात घालून, संध्याकाळी पाय थोडे सुजलेले असतात तेव्हा. स्पर्धेची नावनोंदणी भराभर भरते म्हणून घाईनं पैसे भरू नकोस. पर्वती तीन महिने नेमानं झाली तरच भर. यंदा नाही जमलं तर पुढच्या वर्षी, घाट कुठे जात नाही.

आईबरोबर तुला आवडतात ते डिंकाचे लाडू पाठवलेत, रोज एकच खा. आणि कार्डाचं बिल फिटून तीन महिन्यांचा खर्च जमला की आरडीसाठी घराजवळच्या पोस्टात जा. आधार, पॅन आणि दोन फोटो बरोबर ने. दुपारच्या सुट्टीत जाऊ नकोस, सकाळी काउंटर उघडताना गेलास तर गर्दी नसते.

तुझी,
मावशी