सर्टिफिकेट दोघांकडे, मग नाव कोणाचं?

"सर, ट्रेडमार्कचं सर्टिफिकेट आलं, आता नाव आपलंच ना?" हा प्रश्न प्रत्येक बॅचमध्ये येतो. माझं उत्तर असतं: तुमच्या आधी ते नाव कोणी वापरत नसेल, तर हो.

तमिळनाडूत तिरुनेलवेलीला नेल्लैअप्पर मंदिरासमोर हलव्याचं एक जुनं, छोटंसं दुकान आहे. उघडतं संध्याकाळी, आत मिणमिणता दिवा. म्हणून लोकच त्याला 'इरुट्टुकडै' म्हणायला लागले, म्हणजे अंधारं दुकान. जाहिरातीवर पैसा न घालता झालेला ब्रँड! पुढे 'इरुट्टुकडै हलवा' या नावाचं रजिस्ट्रेशनही झालं.

मग दुसरा एक जण 'तिरुनेलवेली इरुट्टुकडै हलवा' नावाने विकायला लागला. प्रकरण कोर्टात गेलं. त्याचं म्हणणं, माझ्याकडेही रजिस्ट्रेशन आहे. कायद्याच्या कलम 28(3) प्रमाणे दोन नोंदणीधारक एकमेकांना अडवू शकत नाहीत.

ऐकायला बरोबर वाटतं ना? पण मद्रास हायकोर्टात तो हरला आणि मार्च 2015 मध्ये सुप्रीम कोर्टानेही हायकोर्टाचा निकाल कायम ठेवला. कारण कलम 27(2) 'पासिंग ऑफ'चा दावा मोकळा ठेवतं. पासिंग ऑफ म्हणजे दुसऱ्याच्या नावलौकिकावर आपला माल खपवणं. त्या दाव्यात आधी कोण वापरत होतं हे बघतात. रजिस्ट्रेशन हक्क निर्माण करत नाही, असलेल्या हक्काची नोंद करतं. पुढे गावाचं नाव जोडूनही काही उपयोग झाला नाही.

म्हणून नाव ठरवताना फक्त ट्रेडमार्कच्या साइटवर शोधून थांबू नका. बाजारात फिरा, गूगल मॅप बघा, होलसेलवाल्याला विचारा. आणि स्वतःचे पुरावे जपा: पहिलं बिल, फ्लेक्सचं बिल, फूड लायसन्स, तारीख असलेली जाहिरात. (मी पहिल्या दोन वर्षांची बिलबुकं दिवाळीच्या साफसफाईत रद्दीत घातली. तुम्ही घालू नका.)

याचा अर्थ रजिस्ट्रेशन नको असा काढू नका. ते नसेल तर प्रत्येक वेळी कोर्टात नावलौकिक सिद्ध करत बसावं लागतं. एकट्या मालकाला ऑनलाइन फी एका क्लासला 4500 रुपये. मिठाई क्लास 30 मध्ये येते. तुमच्यासारखं नाव ट्रेडमार्क जर्नलमध्ये छापून आलं, तर विरोध नोंदवायला चार महिने मिळतात.