गावाचा गोटूल बांधायचा, तर हिशोब असा मांडा

गोटूल, समाजघर किंवा अंगणवाडी आपल्या पद्धतीने, आपल्याच जंगलातल्या सामानाने बांधायची म्हटले की पहिला सल्ला ठरलेला असतो: "बांबू-माती घरची, मजुरी श्रमदानाची, मग खर्च तो काय?" चंद्रपूर-गडचिरोलीतल्या ग्रामसभांनी हा सल्ला ऐकू नये. ज्या अंदाजपत्रकात गावाचा घाम आणि गावाचे जंगल शून्य रुपयांना धरलेले असते, त्यात गावाच्या शब्दालाही किंमत उरत नाही. आराखडा मग दुसराच कोणी ठरवतो.

म्हणून सुरुवात श्रमदानापासून करा. रोजगार हमीचा 2025-26 चा दर दिवसाला 312 रुपये होता. चाळीस माणसे दहा दिवस राबली तर 1,24,800 रुपये होतात. हा आकडा अंदाजपत्रकात "लोकवाटा" म्हणून लिहा, हजेरीपट ठेवा. बुरड आणि सुतार मात्र या दरात धरू नका. आढे कुठे टेकवायचे, वाशांना उतार किती द्यायचा, कुडाची भिंत जमिनीपासून किती उचलायची, हे ज्या म्हाताऱ्या सुताराला तोंडपाठ आहे तो नुसता मजूर नाही, रचनाकार आहे. त्याला कुशल कारागिराची मजुरी द्या आणि आराखड्याच्या बैठकांना बसण्याचेही पैसे द्या.

बांबूचेही तसेच. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि 2011 पासून गाव स्वतःचा बांबू विकू लागले. म्हणजे बांबूला भाव आहे. बांधकामाच्या वर्षी तुमच्या ग्रामसभेला विक्रीत जो भाव मिळाला, तोच बांधकामाच्या बांबूला लावा. तोड पावसाळा संपल्यावर, तीन-चार वर्षांच्या पक्क्या बांबूचीच करा. कोवळ्या बांबूत घुण लवकर शिरतो. प्रक्रियेचा खर्च कधीही टाळू नका. शंभर लिटर पाण्यात साधारण 3 किलो बोरॅक्स आणि 2 किलो बोरिक ॲसिड घालून टाकी भरा, पेरांना आतून भोके पाडा म्हणजे द्रावण आत शिरते, आठवडा-दोन आठवडे बुडवून ठेवा आणि मग सावलीत सुकवा. प्रक्रिया न केलेला बांबू मातीत रोवला तर तीन वर्षेही धड टिकत नाही. म्हणून खांबाखाली दगडाचा किंवा काँक्रीटचा पाया हवाच. त्याचे सिमेंट, गिट्टी आणि वाहतूक रोखीतच येणार. भामरागड-एटापल्लीकडे वाहतुकीचा भाव आधी लेखी घ्या.

जागा वनजमिनीवर असेल तर वनहक्क कायद्याचे कलम 3(2) नीट वाचा. शाळा, दवाखाना, अंगणवाडी, समाजकेंद्र अशा तेरा सुविधांसाठी प्रत्येकी एक हेक्टरपेक्षा कमी जमीन ग्रामसभेच्या शिफारशीने मिळू शकते, हेक्टरी 75 पेक्षा जास्त झाडे तोडता येत नाहीत, आणि वनसंवर्धन कायद्याची वेगळी परवानगी लागत नाही. ठरावाची प्रत जपून ठेवा. हा कायदा येण्याच्या कितीतरी आधी, 1980 च्या दशकात, मेंढ्याने सागवानाचा गोटूल उभारला होता. वनखात्याने तो मोडला. गावाने आसपासच्या गावांच्या पाठबळावर पुन्हा बांधला. त्या लोकांनी जे अंगावर झेलून मिळवले, ते आज ठरावाच्या कागदावर होऊ शकते.

आता वास्तुविशारदाची फी. बहुतेक जण बांधकाम खर्चाच्या टक्केवारीत सांगतात. समजा खर्च 12 लाख आणि फी 7 टक्के, तर 84,000 रुपये. पण टक्केवारीत एक खोट आहे: इमारत जितकी स्वस्त, तितकी फी कमी, आणि बांबू-मातीच्या कामात तर गावात बसून ऐकण्याचा वेळ जास्त लागतो. त्यामुळे ठोक रक्कम ठरवा. किती ग्रामसभांना हजर राहणार, मुक्काम-प्रवास कोणाचा, गोंडीत समजावून सांगायला कोण, नकाशे कोणाच्या ताब्यात, हे करारात लिहा. नोंदणी क्रमांक मागा. 1972 च्या वास्तुविशारद कायद्यानुसार नोंदणी नसलेल्याला "वास्तुविशारद" ही पदवी लावता येत नाही.

वास्तुविशारदाकडून एक काम आग्रहाने करून घ्या: कुडाची भिंत, मातीचा गिलावा, बांबूचे छत यांचे दर विश्लेषण. सरकारी निधीला अंदाजपत्रक दरसूचीप्रमाणे लागते. दरसूचीत नसलेल्या कामाला विश्लेषण जोडले नाही, तर तांत्रिक मान्यता देणारा अभियंता विटा आणि स्लॅबच लिहिणार. गाव पेसात असेल तर ग्रामपंचायतीला मिळणाऱ्या 5 टक्के अबंध निधीतून पायाभूत सुविधांची कामे घेता येतात; तिथेही हाच कागद लागतो.

क्षेत्रफळ कापून पैसे वाचवू नका. गडचिरोलीतल्या शोधग्रामच्या दंतेश्वरी दवाखान्याची रचना ठरली ती लोकांना विचारून. रुग्णाजवळ नातेवाइकांना राहता यावे, झोपड्यांची वस्ती वाटावी आणि देवीचे नाव असावे, असे त्यातून पुढे आले. ओसरी, चुलीची जागा, ओटा यांना कागदावर "जादा क्षेत्र" म्हणतात. माणसे येतात ती त्यांच्यामुळेच.

घरकुलाचे गणित वेगळे आहे. माडिया आणि कोलाम कुटुंबांना पीएम-जनमन योजनेत 2 लाख रुपये मिळतात. शौचालयाचे 12,000 आणि 90 दिवसांची मजुरी वरच्या दराने 28,080 धरली तर एकूण 2,40,080. किमान क्षेत्र 25 चौरस मीटर, म्हणजे 269 चौरस फूट. नुसत्या 2 लाखांत फुटाला साधारण 743 रुपये पडतात. गवंड्याचा भाव याच्याशी ताडून पाहा. घर लाभार्थ्याने स्वतः बांधायचे असते, ठेकेदार नेमता येत नाही. तेव्हा "सगळे आम्ही पाहतो" म्हणणाऱ्याच्या हाती हप्ता देऊ नका.

राहिली आग. चिचपल्लीच्या बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्राची बांबूची इमारत 2021 मध्ये जळाली. चुलीभोवतीची भिंत मातीची किंवा विटांची ठेवा, वीजजोडणीच्या तारा पाइपातूनच न्या आणि विम्याचा हप्ता पहिल्याच अंदाजपत्रकात धरा. दरवर्षी मृगाआधी कवेलू फेरायला आणि भिंती लिंपायला लागणारी रक्कम ग्रामकोषात वेगळी काढा. ती किती, कोण काढणार आणि किल्ली कोणाकडे, हे बांधकाम सुरू होण्याआधीच्या ग्रामसभेत ठरवून घ्या.