टिचबटणांचा सदरा

खांद्यावर टोकदार दुहेरी कापड, छातीवर झांकणाचे दोन खिसे आणि मोत्यांसारखीं चकाकणारीं टिचबटणें, असा सदरा आमच्या एका विद्यार्थ्यानें नाताळच्या संमेलनांत घातला होता. माण तालुक्यांतून आलेल्या आपल्या आजोबांची बाराबंदी कोणाच्या दृष्टीस पडूं नये, म्हणून तोच त्यांना मागच्या बांकावर बसवीत होता. त्याला रागें भरण्यापेक्षां त्याच्या सदऱ्याची कुळकथा सांगावी, असें आम्हांस वाटलें.

हा सदरा मूळचा गुराख्यांचा. अमेरिकेच्या पश्चिमेकडील माळरानांवर घोड्यावर बसून गुरें वळणाऱ्यांनीं आपली विद्या मेक्सिकोंतील स्पॅनिश बोलणाऱ्या गुराख्यांपासून घेतली. दुहेरी कापडानें खांद्याच्या शिवणीवरील ताण वांटला जातो. झांकणामुळें धांवत्या घोड्यावरहि खिशांतली वस्तु पडत नाहीं. टिचबटण मात्र अलीकडचें. त्याचें पेटंट जर्मनींत १८८५ सालीं निघालें, आणि डेन्व्हर शहरीं १९४६ सालीं रॉकमाउंट ही पेढी काढणारे जॅक वाइल यांनीं तें या सदऱ्यावर रूढ केलें. हे गृहस्थ २००८ सालीं वारले, तेव्हां त्यांचें वय १०७ वर्षांचें होतें! काजांतलें बटण झुडपांत किंवा शिंगांत अडकलें कीं कापड फाटतें. टिचबटण हिसक्यासरशीं सुटतें. भरतकाम व झालरी यांची रेलचेल पुढें खेळवाल्यांनीं आणि चित्रपटांनीं केली. गुरें वळतांना त्यांचा काडीचा उपयोग नव्हता.

आतां बाराबंदी पाहूं. हिला बटण नाहीं, काज नाहीं. बंदांच्या सहा जोड्या, म्हणून बाराबंदी. बंद तुटला तर माळावर बसून चिंधीचा दुसरा लावतां येतो, आणि अंग भरलें वा वाळलें तरी गांठ सैल किंवा घट्ट करतां येते. सातारा व सांगली जिल्ह्यांतील माण, खटाव, आटपाडी, जत या कोरड्या टापूंत मेंढरांमागें हिंडणाऱ्यास याहून सोयीचें दुसरें काय? शिवाय ज्याला आपण बिनदिक्कत आपला म्हणतों, तो 'सदरा' हा शब्दहि अरबींतून आलेला. तेथें सद्र म्हणजे छाती. 'काज' तर पोर्तुगीजांकडून आलें.

संमेलन संपल्यावर आम्हीं त्या आजोबांस नातवाचा सदरा दाखविला. त्यांनीं एक टिचबटण दोनतीन वेळां उघडून मिटून पाहिलें, खांद्याची शिवण बोटांनीं चाचपली आणि म्हणाले, "खांदा ब्येस हाय. पर बगल लई आवळ केलीया, पोरा. काठी उगारताना उसवंल."