रेषा पुसट का होतात?

गेल्या पावसाळ्यात आमच्या महाविद्यालयाच्या भित्तिपत्रकावरील एक चित्र ओल लागून वाया गेले. गेरूच्या रंगावर पांढऱ्या बारीक रेषांचे, वारली पद्धतीचे ते चित्र होते. काढणाऱ्या मुलीजवळ त्याची संगणकातील प्रत होती, म्हणून आम्ही निश्चिंत होतो. पण ती प्रत उघडली तेव्हा प्रत्येक रेषेभोवती धूळ बसल्यासारखी दिसली. "फाइल लहान कर," हा सल्ला तिला मीच दिला होता. चूक कोठे झाली ते आता पाहू.

संगणकाच्या दृष्टीने चित्र म्हणजे बिंदूंच्या ओळी. प्रत्येक बिंदूसाठी तांबडा, हिरवा व निळा यांचे प्रमाण सांगणाऱ्या, ० ते २५५ मधील तीन संख्या लागतात. ३००० बिंदू रुंद आणि २००० बिंदू उंच अशा चित्राला १ कोटी ८० लाख संख्या झाल्या! म्हणून संक्षेपण करावे लागते.

संक्षेपणाची एक तऱ्हा काहीही न गमावण्याची. 'गेरू, गेरू, गेरू...' असे शंभर वेळा लिहिण्याऐवजी 'गेरू, १०० वेळा' असे लिहिले तर जागा वाचते आणि मूळ चित्र जसेच्या तसे परत मिळते. १९९६ साली आलेली पीएनजी ही पद्धत याच जातीची, पण अधिक हुशार आहे. ती शेजारच्या बिंदूंवरून पुढच्या बिंदूचा अंदाज करते आणि अंदाज किती चुकला तेवढेच नोंदवते.

दुसरी तऱ्हा १९९२ सालच्या जेपेगची. हिच्यात चित्राचे ८ × ८ बिंदूंचे चौकोन पाडतात आणि प्रत्येक चौकोन म्हणजे लहानमोठ्या तरंगांची बेरीज आहे असे मानतात. हे गणित बंगळूरला जन्मलेले नासिर अहमद यांनी टी. नटराजन व के. आर. राव यांच्यासह १९७४ साली प्रसिद्ध केले. जलद चढउतारांचे तरंग डोळ्यांना फारसे जाणवत नाहीत, म्हणून जेपेग ते ढोबळमानाने नोंदवते किंवा गाळूनच टाकते.

आता प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. एका ओळीतील आठ बिंदू १००, १०४, १०८ असे चढत १२८ पर्यंत जातात असे समजा. आकाशाच्या छायाचित्रात असेच असते. आठ तरंगांपैकी जलद असे चार टाकून दिले तरी कोणत्याही बिंदूत एकाहून अधिक फरक पडत नाही. आता पांढऱ्या कागदावरची काळी रेषा घ्या:

२५५, २५५, २५५, ०, २५५, २५५, २५५, २५५

तेच चार तरंग टाकून बेरीज केली, तर मी वहीत मांडून पाहिले, उत्तर असे येते:

२५५, २२८, १५९, १४७, १९१, २४२, २५५, २५५

काळी रेषा गेली आणि करडा डाग उरला! (२५५ च्या वर गेलेल्या संख्या २५५ धरल्या आहेत.) अर्थात जेपेग नेहमी इतकी निष्ठुर नसते, फाइल किती लहान करायची यावर ते अवलंबून आहे. पण तीक्ष्ण कडेला सगळेच तरंग लागतात, आणि रेखाचित्र म्हणजे कडाच कडा. शिवाय बहुधा रंगाची माहिती आडवी व उभी निम्मीच ठेवली जाते, त्यामुळे हिरव्यावरची बारीक तांबडी रेषा आणखी मळते. फाइल उघडून, बदलून पुन्हा जेपेगमध्ये साठवली की नवी हानी होऊ शकते. आमच्या चित्राचे नेमके हेच झाले होते.

नव्या पद्धतींचे काय? २०१० साली गूगलने आणलेल्या वेबपीत दोन्ही तऱ्हा आहेत. तिची न गमावणारी तऱ्हा सपाट रंगांच्या चित्रांत बहुधा पीएनजीपेक्षा लहान फाइल देते. मात्र गमावणाऱ्या तऱ्हेत रंग निम्मेच ठेवावे लागतात. २०१९ ची एव्हीआयएफ चलत्‌चित्रांच्या तंत्रातून निघाली. ती कडेची दिशा ओळखून अंदाज करते व रंग पूर्ण ठेवू शकते. त्यामुळे लहान फाइलमध्येही रेषा पुष्कळ स्वच्छ राहतात. २०२२ ची जेपेग एक्सएल मला सर्वांत आवडते, कारण ती जुनी जेपेग फाइल काहीही न गमावता सुमारे पाचव्या हिश्शाने लहान करते. पण सफारी ब्राउझरने तिला २०२३ साली जागा दिली, तर क्रोमने त्याआधीच आपला प्रायोगिक आधार काढून घेतला होता. चांगली पद्धत असून भागत नाही, ती उघडणाराही हवा.

एक अडचण सांगायला हवी. कागदावरचे चित्र स्कॅन केले की कागदाचे कणही त्यात उतरतात. मग सपाट गेरू सपाट राहत नाही, पीएनजीचे अंदाज चुकत जातात आणि फाइल फुगते. तरीही मूळ प्रत तीच ठेवा. पाठवण्यासाठी तिच्यावरून वेगळी लहान प्रत काढा. बिघडलेली जेपेग पीएनजीत बदलून मात्र काही लाभ नाही. बिघाडच जसाच्या तसा जपला जाईल.

आता हा प्रयोग करा. संगणकावर एक रेखाचित्र काढून पीएनजीत ठेवा. त्याचीच जेपेग प्रत सर्वांत कमी दर्जावर साठवा. दोन्ही आठपट मोठी करून रेषांच्या कडा पाहा. आठ-आठ बिंदूंचे चौकोन मोजता येतात का? नंतर हेच एखाद्या छायाचित्रावर करा आणि दोन्ही वेळच्या फाइलींचे आकार वहीत लिहून ठेवा.