पाटी कॉलेजाची, पदवी विद्यापीठाची

बारावीचा निकाल लागला की वडगावपासून लोणावळ्यापर्यंत जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावरचे फ्लेक्स बदलतात. वाढदिवसाच्या शुभेच्छा उतरतात आणि ‘प्रवेश सुरू’ चढतं. त्यावर काचेची इमारत असते, पॅकेजचा आकडा असतो, हसरी मुलं असतात. तीन-चार वर्षांनी मुलाच्या हातात जो कागद पडणार आहे, त्यावर नेमके कोणते शब्द छापलेले असतील, हे मात्र कुठल्याच फ्लेक्सवर नसतं. पालकही विचारत नाहीत. फी किती, बस कामशेतला थांबते का, होस्टेलचं जेवण कसं आहे, सगळं विचारून होतं. माझं म्हणणं एवढंच की प्रवेशाच्या टेबलावर पहिला प्रश्न कागदाचा असावा: “पदवी प्रमाणपत्रावर काय छापून येतं? मागच्या एखाद्या विद्यार्थ्याची प्रत दाखवता का?” चांगलं कॉलेज नाव-नंबर झाकून ती प्रत लगेच दाखवतं. टोलवाटोलवी सुरू झाली तर तेही उत्तरच समजा.

आपल्याकडे पदवी कॉलेज देत नाही, विद्यापीठ देतं. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या १९५६च्या कायद्यातलं २२वं कलम हेच सांगतं. केंद्राच्या किंवा राज्याच्या कायद्यानं स्थापन झालेलं विद्यापीठ, अभिमत विद्यापीठ, नाहीतर आयआयटीसारखी संसदेनं खास अधिकार दिलेली संस्था, यांनाच पदवी देता येते. शिवाय पदवीचं नावही कुणाला मनानं ठेवता येत नाही. आयोगानं केंद्र सरकारच्या संमतीनं राजपत्रात जाहीर केलेल्या नावांपैकीच एक वापरावं लागतं. त्या नावांची एकत्रित यादी जुलै २०१४ मध्ये राजपत्रात आली. तेव्हा ‘बॅचलर ऑफ’च्या पुढे बाजारात चालणारा एखादा नवा शब्द चिकटवून कुणी पदवी विकत असेल, तर आधी ती यादी उघडून बघा.

हे बंधन नसतानाच्या काळातली एक गोष्ट मला आवडते. अण्णासाहेब कर्व्यांनी १९१६ मध्ये महिला विद्यापीठ काढलं आणि बी.ए. न म्हणता पदवीला ‘गृहीतागमा’ असं स्वतःचं नाव दिलं. नाव देखणं, अभ्यासही खरा. पण सरकारदरबारी त्या पदवीला कायद्याचं पाठबळ मिळायला १९५१ साल उजाडावं लागलं. मधल्या पिढीतल्या मुलींना आपली पदवी म्हणजे काय हे ठिकठिकाणी समजावत बसावं लागलं. शिक्षण कितीही अस्सल असलं तरी खिडकीपलीकडचा कारकून नावच वाचतो, हे तेव्हाही खरं होतं.

आता आपला तालुका बघा. कुसगावच्या सिंहगड इन्स्टिट्यूटमध्ये इंजिनिअरिंग केलं तर प्रमाणपत्र सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचं. तळेगावच्या ‘मायमर’मधून एमबीबीएस झालं तर नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाचं. लोणावळ्याच्या आयएनएस शिवाजीमध्ये नौदलाचे तरुण अधिकारी पूर्वी इंजिनिअरिंगची पदवी घेत, तिच्यावर नाव असे दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठाचं. साते आणि आंबी इथे खासगी विद्यापीठं उभी राहिली आहेत, ती राज्याच्या कायद्यानं झालेली असल्यानं स्वतःच्या नावानं पदवी देतात. नोकरी करत मुक्त विद्यापीठातून शिकणाऱ्याला पुन्हा नाशिकचाच कागद मिळतो, पण यशवंतराव चव्हाण विद्यापीठाचा. अर्ध्या तासाच्या लोकल प्रवासात इतकी वेगवेगळी प्रमाणपत्रं तयार होतात, आणि घरात सगळ्यांना एकच वाक्य ऐकू येतं: “पोरगा लोणावळ्याला शिकतो.”

लोणावळ्याचं नाव योगामुळेही मोठं आहे. कैवल्यधाम ही इथली योगसंस्था १९२४ पासूनची. गावात योगाचे महिन्याभराचे, वर्षाचे, शिक्षकांचे असे अनेक वर्ग चालतात. त्यातून मिळणारं ‘सर्टिफिकेट’ किंवा ‘डिप्लोमा’ उपयोगी असू शकतो, पण तो पदवीधर करत नाही. जिथे बी.ए. किंवा एम.ए. असं म्हटलेलं असेल तिथे विद्यापीठ कोणतं, हे विचाराच.

सगळ्यात जास्त घोळ असतो तो कॉम्प्युटरच्या पदव्यांचा. पुणे विद्यापीठात वाणिज्य शाखेकडून बीसीए होत असे. पुढे नावं बदलली: बीबीएमचं बीबीए झालं आणि वाणिज्यचं बीसीए झालं ‘बीबीए (कॉम्प्युटर ॲप्लिकेशन)’. विज्ञान शाखेचं ‘बीसीए (सायन्स)’ वेगळं आणि ‘बी.एस्सी. (कॉम्प्युटर सायन्स)’ आणखी वेगळं. या भागातल्या कॉलेजांच्या फलकांवर तिन्ही नावं शेजारी-शेजारी दिसतात. सी, जावा, डेटाबेस हे विषय थोड्याफार फरकानं सगळीकडे आहेत, पण प्रमाणपत्रावरचं नाव एक नाही. मुलगी तीन वर्षं प्रोग्रॅमिंग करते आणि कंपनीच्या ऑनलाइन फॉर्मवर ‘बीबीए’ निवडते. मग यंत्र तिला मॅनेजमेंटच्या रांगेत उभं करतं.

यावर उपाय रडण्याचा नाही, कागदाचा आहे. फॉर्ममध्ये कंसासकट पूर्ण नाव लिहायचं. ट्रान्स्क्रिप्ट, म्हणजे सर्व सत्रांचे विषय आणि गुण असलेला विद्यापीठाचा उतारा, शेवटच्या वर्षीच काढून ठेवायचा. अभ्यासक्रमाची प्रत जपायची, कारण दहा वर्षांनी परदेशातलं विद्यापीठ तीच मागतं आणि तोवर पॅटर्न दोनदा बदललेला असतो. एमसीए करायचं असेल तर सीईटी कक्षाच्या माहितीपुस्तिकेत पात्रतेचं वाक्य शब्दशः वाचायचं. बारावीला किंवा पदवीला गणित असण्याबद्दल तिथे काय म्हटलंय, ते खास बघायचं. कॉमर्सचा, गणित सोडलेला मुलगा आणि एमसीएचं स्वप्न हे जोडपं मला दर जूनमध्ये भेटतं.

२०२४-२५ पासून यात आणखी एक वळण आलं. बीबीए, बीसीए, बीएमएस या पदव्या एआयसीटीईच्या, म्हणजे अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या, मान्यतेखाली आल्या आणि राज्यानं त्यांच्यासाठी सीईटी सुरू केली. पहिल्याच वर्षी जागांच्या मानानं परीक्षा देणारे कमी पडले, तेव्हा त्या उन्हाळ्यानंतर पुन्हा एक सीईटी घ्यावी लागली. मुंबईत काही कॉलेजांनी वेगळाच मार्ग काढला. अभ्यास जवळपास तोच ठेवून नाव ‘बी.कॉम. (मॅनेजमेंट स्टडीज)’ केलं, म्हणजे सीईटीची भानगड नको. त्यात बेकायदेशीर काही नाही. पण ‘बीएमएसच आहे हो’ असं तोंडी सांगून प्रवेश देणं मला पटत नाही. कागदावर बी.कॉम. येणार असेल तर आजच तसं सांगा. एमबीएला बी.कॉम. चालतंच, त्यामुळे घाबरण्यासारखं काही नाही. लपवण्यासारखंही काही नसावं.

त्यामानानं ‘बी.ई. की बी.टेक.’ हा वाद फुकटचा. दोन्ही नावं यादीत आहेत, दोन्हींचा दर्जा सारखा. पुणे विद्यापीठाशी संलग्न कॉलेजांत वर्षानुवर्षं बी.ई. आहे, लोणेऱ्याच्या बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठात बी.टेक. आयआयटीत बी.टेक. असल्यामुळे ते भारी वाटतं, एवढंच. पदवीच्या नावापेक्षा शाखेचं नाव बघा. ‘आर्टिफिशियल इंटेलिजन्स अँड डेटा सायन्स’ खासगी कंपनीत कॉम्प्युटरच्या बरोबरीनं चालतं. पण सरकारी जाहिरातीत ‘संगणक अभियांत्रिकी किंवा समकक्ष’ असं लिहिलेलं असतं, आणि समकक्ष काय हे नोकरी देणारा ठरवतो. तो निर्णय आपण त्याच्या वतीनं घेणार नाही, असं न्यायालयांनीही वेळोवेळी म्हटलं आहे. सरकारी नोकरीचाच ध्यास असेल तर जुन्या, रुळलेल्या नावाची शाखा घ्या. हे माझं मत, पटलं नाही तर सोडून द्या.

आता चार वर्षांच्या पदवीचं. नव्या शैक्षणिक धोरणाचा आराखडा संलग्न कॉलेजांत २०२४-२५ पासून आला आणि पालकांची झोप उडाली. तीन वर्षांत पदवी मिळते का? मिळते. १२० ते १३२ क्रेडिट पूर्ण झाली की नेहमीचं बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी. चौथं वर्ष केलं तर ‘ऑनर्स’. ‘ऑनर्स विथ रिसर्च’ हे शब्द हवे असतील तर पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के लागतात. एका वर्षानंतर बाहेर पडलं तर ‘सर्टिफिकेट’, दोन वर्षांनंतर ‘डिप्लोमा’. दोन्हींसाठी आणखी चार क्रेडिटचं कौशल्याचं काम करावं लागतं. तीन वर्षांच्या आत परत येता येतं, एकूण सात वर्षांत पदवी पूर्ण करायची. ही सोय अडचणीत सापडलेल्या मुलासाठी आहे. वर्षाचं सर्टिफिकेट घेऊन एमपीएससीच्या राज्यसेवेचा फॉर्म भरता येत नाही, तिथे पदवीच लागते. ‘मल्टिपल एक्झिट’ हा शब्द ऐकून शिक्षण सोडायला निघालेल्या मुलाला हे नीट समजावा.

तळेगाव आणि चाकणच्या एमआयडीसीत डिप्लोमा करून लागलेली मुलं मला वेगळंच विचारतात: “सर, शिफ्ट सांभाळून दूरशिक्षणानं डिग्री मिळेल का?” बी.ए., बी.कॉम. असेल तर खुशाल घ्या. आयोगानं २०२२ मध्ये स्पष्ट केलंय की मान्यता असलेल्या दूरस्थ आणि ऑनलाइन पदव्या नियमित पदवीच्या बरोबरीच्या आहेत. शिक्षण कोणत्या पद्धतीनं झालं हे प्रमाणपत्रावर नोंदवायला मात्र आयोगानं २०१७ मध्येच सांगितलं आहे, तेव्हा तो शब्द दिसला म्हणून दचकू नका. इंजिनिअरिंगचं तसं नाही. ३ नोव्हेंबर २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयानं चार अभिमत विद्यापीठांनी दूरशिक्षणानं वाटलेल्या इंजिनिअरिंगच्या पदव्यांवर निकाल दिला. २००१ ते २००५ दरम्यान प्रवेश घेतलेल्यांच्या पदव्या स्थगित केल्या आणि त्यांना परीक्षा द्यायला लावली. त्यानंतरच्या प्रवेशांच्या पदव्या सरळ रद्द. बढती मिळालेली, घराचे हप्ते चालू असलेली माणसं होती ती. ‘दर रविवारी या, तीन वर्षांत बी.टेक.’ असं सांगणारा एजंट कंपनीच्या गेटवर भेटला तर हा निकाल त्याला सांगा. काम करणाऱ्यांसाठी सरळ रस्ता आता आहे: २०२३ पासून एआयसीटीईनं मान्यताप्राप्त कॉलेजांना नोकरदारांसाठी सोयीच्या वेळी पदवीचे वर्ग चालवू दिले आहेत. वर्गात बसावं लागतं, पण कागद पक्का असतो.

राहिलं तुमचं स्वतःचं नाव, आणि माझ्याकडे येणाऱ्या तक्रारींत निम्म्या त्याच्याच असतात. पदवीवर नाव येतं ते परीक्षेच्या नोंदीतून, आणि ती नोंद दहावी-बारावीच्या गुणपत्रिकेवरून. ज्ञानेश्वरचं इंग्रजी स्पेलिंग ‘डी’नं सुरू करायचं की ‘जी’नं, हे दहावीचा फॉर्म भरताना ठरून गेलेलं असतं. आधारवर वेगळं, पासपोर्टवर तिसरंच, असं असेल तर पहिल्या वर्षीच दुरुस्त करून घ्या. शेवटच्या वर्षी खेटे घालावे लागतात. देवनागरीतलं नाव मुलानं स्वतः टाइप करावं, सायबर कॅफेवाल्यावर सोपवू नये. निकाल आणि पदवीदान यांच्या मधे लग्न झालं तरी मुलीची पदवी परीक्षेच्या नावानंच येते, त्यात चूक काही नाही. विवाह नोंदणीचा दाखला आणि गरज पडली तर राजपत्रातली नावबदलाची नोंद सोबत जोडली की काम होतं.

मधल्या नावात आईचं नाव घालायलाच हवं का, असंही हल्ली विचारतात. राज्य सरकारचा तो निर्णय १ मे २०२४ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांसाठी आहे. आज कॉलेजात असलेल्या कुणालाही त्यासाठी कागद बदलायची गरज नाही. आधार क्रमांकाचंही तसंच. पदवी प्रमाणपत्रावर तो छापू नये, असं आयोगानं २०२३ मध्ये विद्यापीठांना कळवलं आहे.

वडिलांच्या पदवीवर ‘पुणे विद्यापीठ’ आणि मुलीच्या पदवीवर ‘सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ’ असं बघून कुणी दोन विद्यापीठं समजू नयेत. १९४९ मध्ये सुरू झालेल्या त्याच विद्यापीठाचं नाव २०१४ मध्ये बदललं. जुनं प्रमाणपत्र तितकंच वैध आहे, नव्या नावाची प्रत काढायला पैसे घालवू नका.

निकालानंतर १८० दिवसांत पदवी मिळावी असा आयोगाचा नियम आहे. तरी अर्ज आपणच करायचा असतो. तो राहून जातो आणि पाच वर्षांनी व्हिसाच्या वेळी आठवतो. डिजिलॉकरमध्ये प्रत आली का, हेही तपासा. आणि मूळ प्रमाणपत्र हातात आल्यावर चौकातल्या झेरॉक्सवाल्याकडे जाऊन कौतुकानं लॅमिनेट करू नका. परदेशासाठी साक्षांकन करायची वेळ आली तर शिक्का आणि स्टिकर मूळ कागदाच्या मागे बसतात, प्लॅस्टिकवर नाही. साधी फाइल घ्या, वीस-तीस रुपयांत मिळते.